जिथल्या तिथे

मंगळवारी दुपारी ती गॅरेजात पोचली तेव्हा बाबा एका गाडीखाली होते. बाहेर दिसत होते ते फक्त पाय. बाबांशी बोलायचं म्हणजे बहुतेकदा त्यांच्या पायांशीच बोलावं लागे, आणि लहानपणापासूनच्या सवयीनं तिला त्यांच्या पायांवरून मनही ओळखता यायचं. टाचा जमिनीला टेकलेल्या असल्या की काम सरळ चाललंय. चवडे ताणलेले असले की एखादा नट गंजून बसलाय, आणि तेव्हा आपण गप्प बसलेलं बरं. त्या दिवशी टाचा निवांत होत्या.

"आलात मास्तरीणबाई?" खालून आवाज आला. ती कॉलेजात साहित्य शिकवायला लागल्यापासून ते तिला याच नावानं हाक मारत. "आलाच आहात तर जरा टॉर्च धरा."

ती उकिडवी बसली आणि तिनं टॉर्च धरला. बाबा खालून सूचना देत राहिले. जरा खाली, जरा पुढे, माझ्या तोंडावर नको, माझं तोंड मला माहीत आहे. काम उरकल्यावर ते घसरत बाहेर आले, चिंधीला हात पुसले, गाडी सुरू करून मान तिरपी करून तिचा आवाज ऐकला आणि म्हणाले, "चालेल."

बाबांच्या बोलण्यात याहून मोठी स्तुती नव्हती. ती विद्यापीठात पहिली आली तेव्हाही ते "चालेल" एवढंच म्हणाले होते, आणि त्यावरून आई आठवडाभर त्यांच्याशी वाकड्यात बोलत होती. पण खरं सांगायचं तर त्या घरात कुणीच कुणाचं तोंडावर कौतुक करत नसे. बाबा स्वतःबद्दल चांगलं काही ऐकूनच घेत नसत. कुणी सुरुवात केली की ते पाना शोधायला उठून जात.

निघता निघता तिनं मागच्या खोलीचा विषय काढला. गॅरेजच्या मागं एक लांबट खोली होती, आणि बाबांनी उभ्या हयातीत गाड्यांमधून काढलेली प्रत्येक वस्तू त्या खोलीत जाऊन पडली होती. झिजलेली, तुटलेली, जळलेली, आणि काही धडधाकटसुद्धा. त्यांनी काही फेकलं म्हणून कुणी पाहिलं नव्हतं. आत तीळ टाकायला जागा नव्हती. ती एकदा रिकामी करा, असं तिनं त्या दिवशीही सांगितलं.

"करू की," बाबा म्हणाले. "खोली काय पळून जातेय? आणि नाहीच जमलं मला, तर तुम्ही बघा. तुम्हाला तरी दुसरं काय काम आहे? कविता काय, उद्याही शिकवता येतात."

ती हसली, पर्स खांद्याला लावून निघाली. मागं वळून पाहिलं नाही. पाहण्यासारखं काही नव्हतंच. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा, आंघोळीचं पाणी तापेपर्यंत जरा पडतो, असं आईला म्हणाले. पाणी तापलं, निवलं. बाबा उठले नाहीत.

गॅरेजची जागा भाड्याची होती. मालक भला माणूस. भेटायला आला, बराच वेळ नुसता बसून राहिला, आणि जाताना चाचरत म्हणाला की महिनाअखेरीला जागा मिळाली तर बरं होईल, त्यानं ती आधीच दुसऱ्याला कबूल केली आहे. त्यात त्याची चूक नव्हती. पुढच्या गॅरेजातली हत्यारं एका दिवसात हलली. राहिली ती मागची खोली.

दादानं ती तिच्यावर सोपवली. दादा तिच्याहून मोठा, विम्याच्या ऑफिसात कामाला. कॉलेजची वर्षं त्यानं सुट्टीसुट्टीला बाबांच्या हाताखाली काढली होती, पण पुढं त्याला तेलाचा वासही नकोसा झाला. तो म्हणाला, तू बाबांची लाडकी, तू ठरव. ठेवायचं, विकायचं की टाकायचं, मी शब्द मोडणार नाही, फक्त महिनाअखेर मोडू नकोस.

ठेवायचं तर कुठं? तिचं घर तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं, त्यातली एक आधीच पुस्तकांनी गिळलेली. जुन्या गाड्यांचा एक शौकीन येऊन गेला. त्यानं दारातूनच नाकाला रुमाल लावून चारदोन दिवे आणि एक हॉर्न निवडला आणि बाकीच्याकडं पाहून, "हे म्हणजे स्मशान आहे हो," असं म्हणाला. तिला ते लागलं. तिनं त्याला दिवे दिले नाहीत. मग उरला भंगारवाला. तो सरळ माणूस होता. सगळं एका दमात उचलतो म्हणाला, पण जाता जाता त्यानं आपणहून एक सल्ला दिला. "ताई, मिसळ माल दिलात तर मातीमोल जाईल. लोखंड एकीकडं, ओतीव बीड एकीकडं, पितळ-तांबं वेगळं, अॅल्युमिनियम वेगळं. निवडून ठेवा, तुमचाच फायदा. मी गुरुवारी टेम्पो आणतो."

रविवारी दादा जुने कपडे घालून आला. दोघांनी रिकाम्या गॅरेजात चार गोण्या पसरल्या आणि मागच्या खोलीच्या दारापासून कामाला सुरुवात केली. दोघंही पदर खोचल्यासारखे लागले होते. दुःखात माणसाला हातानं करायचं काम मिळालं की तो त्याच्यावर तुटून पडतो. अगदी दाराशी बंपर होते आणि दोन्ही बाजूंना हेडलाइटांचे ढीग, ते काढले. त्याच्या आत हॉर्न, मग भिंतीसारखे एकाला एक टेकवलेले रेडिएटर, पंखे. काच एकीकडं, तांबं एकीकडं. दादा चुंबक घेऊन एकेका वस्तूला लावून बघत होता आणि चिकटलं की लोखंडात भिरकावत होता. एकदा त्याच्या मनात आलं, बाबा असते तर त्यांनी आपल्याला कानाला धरून बाहेर काढलं असतं. तो ते बोलूनही गेला. का, असं तिनं विचारलं. तर म्हणाला, काय माहीत, उगाच वाटलं.

दुपारपर्यंत खोलीचा पुढचा भाग मोकळा झाला. दादा पाणी आणायला गेला. ती आत शिरली, आणि टेकायला जागा शोधता शोधता खोलीच्या मधोमध, दाराकडं तोंड करून बसलं की किंचित उजवीकडं, बाबांचं बुटकं स्टूल होतं, त्यावर बसली. स्टुलाला पाठीमागं टेकायला गाडीच्या सीटची जुनी पाठ बांधलेली होती. ती मागं रेलली. पाय लांब केले, आणि तळव्याला काहीतरी रबरी लागलं.

तिनं वाकून पाहिलं. जमिनीवर फळी होती आणि फळीवर पायानं दाबायचे पेडल ओळीनं मांडले होते. क्लचचे डावीकडं, ब्रेकचे मधे, आणि अरुंद, लांबट अॅक्सिलरेटर उजवीकडं. रबराची नक्षी झिजून गुळगुळीत झाली होती. कुणाची एका कडेनं, कुणाची मधोमध. तिचा उजवा पाय आपोआप ज्यावर टेकला होता, तो अॅक्सिलरेटरच होता.

तिनं मान वर केली. समोर, हाताच्या अंतरावर, आढ्याला टांगलेली स्टिअरिंगची चाकं होती, एकामागं एक. त्यांच्या पलीकडं तिरप्या लटकवलेल्या पुढच्या काचा. काचांच्या खाली वायपर. डोक्याच्या वर, तुळईला, गाडीच्या आतल्या बाजूला लावतात ते लहान आरसे ओळीनं अडकवलेले होते, आणि त्या प्रत्येक आरशात खोलीची मागची भिंत दिसत होती. मागच्या भिंतीवर लाल काचा होत्या. मागचे दिवे. त्यांच्याखाली डिकीची कुलपं, पेट्रोलच्या टाक्या.

तिनं दोन्ही बाजूंच्या भिंतींकडं पाहिलं.

डाव्या भिंतीला टेकवलेले दरवाजे सगळे डावीकडचे होते. उजव्या भिंतीचे उजवीकडचे. छताला कापडी अस्तराचे तुकडे आणि आतले पिवळे दिवे. तिच्या डाव्या हाताशी गिअरचे दांडे उभे होते, आणि त्यांच्यापुढं गिअरबॉक्स, त्याच्यापुढं क्लचच्या प्लेटा, त्याच्यापुढं इंजिनाचं बीड. खाली इंजिनाचं तेल साठायच्या परातीसारख्या तळ्या, वरच्या फळीवर कार्ब्युरेटर. जमिनीवरून, तिच्या बुडाखालून, लांब दांडे आणि सायलेन्सरच्या नळ्या मागं गेल्या होत्या. खोलीच्या चार कोनांत चार चाकांचे ब्रेकड्रम, बेअरिंग, स्प्रिंगचे पाटे. आणि पुढं, दाराशी, आता जिथं फक्त धुळीचे गोल डाग उरले होते, तिथं सकाळपर्यंत दिवे होते. डावे डावीकडं, उजवे उजवीकडं.

ती पसाऱ्यात बसलेली नव्हती. ती एका गाडीत बसली होती. खोलीएवढ्या गाडीत. शेकडो गाड्या सुट्या होऊन इथं एकीत एक मिळाल्या होत्या, आणि प्रत्येक वस्तू, अगदी दाराची काच खालीवर करायची मुठीएवढी दांडीसुद्धा, जिथं असायला हवी तिथंच होती.

तिला बाबांची एक लकब आठवली. कुणी काही जुना भाग मागितला की ते या खोलीच्या उंबऱ्यावर उभे राहत, क्षणभर डोळे मिटत, आणि मग सरळ आत जाऊन नेमकी ती वस्तू घेऊन येत. गिऱ्हाइकांना ते नाटक वाटायचं. ते तिथं उभं राहून मनातल्या मनात गाडीत बसत होते, एवढंच. आपल्याला हवं ते गाडीत कुठं असतं, तिथं हात घालत होते.

तिनं मोठमोठी पुस्तकं वाचली होती. ज्यांच्या शेवटच्या पानाशी आल्यावर कळतं की पहिल्या पानापासून एकही शब्द उगाच नव्हता, अशी. तेव्हा अंगावर जो काटा येतो तो तिच्या ओळखीचा होता. पण तो पुस्तकातून येतो, स्टुलावरून नाही, असं तिला वाटत आलं होतं.

दादा पाण्याची बाटली घेऊन आला. तिनं त्याला काही सांगितलं नाही, फक्त उठून स्टुलाकडं बोट केलं. तो बसला. त्याचे पाय पेडलवर गेले, हात वर गेला, नजर आरशाकडं गेली. मग त्यानं डावीकडच्या गिअरच्या दांड्यावर हात ठेवला.

"आयला," तो शेवटी अगदी हळू म्हणाला. आणि थोड्या वेळानं, "उघडण्याआधी नीट बघून घे."

तिला कळलं नाही. तेव्हा त्यानं सांगितलं की बाबांनी त्याला शिकवलेली पहिली गोष्ट ही होती. गाडीतलं काहीही उघडायचं तर आधी नीट बघायचं, आणि काढलेली प्रत्येक वस्तू खाली अंथरलेल्या कापडावर ती गाडीत होती त्याच जागी ठेवायची. पुढची पुढं, मागची मागं, डावी डावीकडं. म्हणजे जोडताना डोकं लावावं लागत नाही, हाताला वस्तू सापडते. लिहून ठेवलेलं हरवतं, मांडून ठेवलेलं हरवत नाही, असं ते म्हणत. चुकून एखादा स्क्रू भलतीकडं ठेवला तर ते सगळं परत पहिल्यापासून मांडायला लावत.

"आणि आपण मेकॅनिकची पोरं," दादा म्हणाला, "न बघता उघडली."

बाहेर चार गोण्या उभ्या होत्या. डावं-उजवं, खालचं-वरचं, सगळं धातूप्रमाणं एकत्र. परत लावायचं, असं कुणी ठरवलं नाही. दादा उठला आणि त्यानं पहिली गोणी उलटी केली.

तो दिवस आणि दुसऱ्या दिवसाची सकाळ त्यात गेली. दादानं ऑफिसात पोट बिघडल्याचं कळवलं. विम्याच्या कागदांखाली दबलेले त्याचे हात हळूहळू जागे झाले. हा हॉर्न डावीकडचा, याची पट्टी उलटी आहे. हा पंखा रेडिएटरच्या आत, बाहेर नाही. ती त्याला वस्तू देत होती आणि तो त्या ठेवत होता. मग तिलाही दिसायला लागलं आणि ती न विचारता ठेवू लागली. गोल हेडलाइटांशी मात्र दोघं हरले, कारण त्यांना डावं-उजवं काही नसतंच. शेवटी तिच्या लक्षात आलं की डाव्या भिंतीला खिडकी आहे, आणि काही दिव्यांच्या मागच्या वायरी उन्हानं विटलेल्या आहेत. विटलेले डावीकडं, बाकीचे उजवीकडं.

ठेवता ठेवता तिला दुसरंच काही दिसत गेलं. प्रत्येक वस्तू कुणीतरी वापरलेली होती. एक क्लचची प्लेट कागदासारखी पातळ झालेली. सतत पाय टेकवून चालवणाऱ्या माणसाची, दादा म्हणाला, अशी माणसं घाबरट असतात. एका पिस्टनला वरून भोक पडलेलं. एका स्टिअरिंगला फक्त वरच्या बाजूला दोन हातांच्या झिजेचे ठसे. कुणीतरी आयुष्यभर ते घट्ट धरून कुठंतरी वेळेवर पोचायचा प्रयत्न केला होता. अख्ख्या गावाची ये-जा त्या खोलीत येऊन थांबली होती, आणि एका माणसानं ती थकलेली, झिजलेली ये-जा उचलून जागच्या जागी बसवली होती. कुणी बघावं म्हणून नाही. त्याला तशीच सवय होती म्हणून.

सगळं लावून झाल्यावर मूठभर नटबोल्ट उरले. "जोडल्यावर नट उरला तर गाडी हलकी झाली समजायचं," दादा म्हणाला. हा बाबांचाच विनोद होता. दोघं हसले, आणि दादा तोंड धुवायला म्हणून बाहेर गेला आणि बराच वेळ आला नाही.

सोमवारी दुपारी त्यांनी आईला आणलं. आईनं त्या खोलीत कधी पाऊल टाकलं नव्हतं. कपड्यांना डाग पडतात ही सबब; खरी गोष्ट अशी की त्या खोलीवर तिचा सवतीसारखा राग होता. दाराशी तिनं दादाचा हात धरला आणि तो सांगेल तसं ती आत चालत गेली. रेडिएटर ओलांडून, इंजिनाला वळसा घालून, स्टुलाच्या बाजूनं मागं. मागं एक फाटकी लांब सीट होती. बाबा दुपारी तिच्यावर आडवे होत, एवढंच सगळ्यांना माहीत होतं. ती मागची सीट होती, मागच्या सीटच्या जागी. आई तिच्यावर बसली. दादा आईच्या शेजारी बसला. लेक स्टुलाच्या डावीकडं एक पालथं खोकं होतं, त्यावर बसली. स्टूल रिकामं राहिलं.

दादानं आईला सगळं समजावलं. हे काय, ते काय, हे इथं का. आई निमूट ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "जगाच्या गाड्या दुरुस्त केल्या. मला मात्र जन्मभर बसनं फिरवलं." आणि आवाज खाली आणून, "मेल्यानं सांगितलंसुद्धा नाही गाडी घेतलीय म्हणून."

खिडकीतून ऊन डाव्या दरवाजांवर आलं होतं. वरच्या आरशांमधून तिला मागं बसलेली आई दिसत होती, प्रत्येक आरशात थोडी थोडी.

मग दादानं विचारलं की आता भंगारवाल्याला काय सांगायचं. त्याच्या आवाजात, नको सांगूस, असं होतं. एखादी जागा बघू, भाडं मी भरतो, असंही तो म्हणाला.

ठेवावं असं तिलाही फार वाटत होतं. पण हलवलं की ही गाडी राहत नव्हती, नुसतं सामान राहत होतं, हे तिनं काल स्वतःच्या हातांनी पाहिलं होतं. आणि बाबांनी ही खोली बंद करून ठेवली नव्हती. कुणी मागायला आला की ते उंबऱ्यावर येऊन उभे राहत आणि हवं ते काढून देत. तेच करायचं, ती म्हणाली. आजूबाजूच्या गॅरेजवाल्यांना उद्या-परवा बोलवू. ज्याला जे चालण्यासारखं वाटेल ते त्यानं न्यावं. शौकीनालाही बोलवू, पण त्यानं रुमाल खिशात ठेवून आत यायचं. उरलेलं गुरुवारी टेम्पोत. फक्त काढायचं आपण दोघांनी, नीट बघून, पुढून मागं, आणि धातूप्रमाणं निवडायचं ते बाहेर नेल्यावर.

"नीट बघून," दादा म्हणाला आणि त्यानं मान हलवली.

आई म्हणाली, "द्या. त्यांच्या हातानं जात होतं तसं जाऊ दे." मग सीटवर हात फिरवत, "पण आज नको काही काढू. आज बसू दे जरा."

ते बसून राहिले. तिच्या शेजारी रिकामं स्टूल होतं, त्याच्यासमोर चाकं, काचा, आणि काचांच्या पलीकडं उघड्या दारातला उजेड. वर्गात उभं राहून एक शब्द तिनं किती वेळा उच्चारला होता. पुस्तकांबद्दल, न पाहिलेल्या माणसांच्या कामाबद्दल, रोज, सवयीनं, फळ्याकडं पाठ करून. ज्या माणसानं तिच्यासमोर आयुष्यभर हातानं काम केलं, त्याला तो एकदाही म्हटला नव्हता. पाना शोधायला उठून जायला तो माणूस आता नव्हता.

तिनं स्टुलाकडं तोंड केलं.

"बाबा," ती म्हणाली, मागं आई आणि दादा ऐकत असताना, नेहमीच्या आवाजात. "फार सुंदर आहे हो हे."